फंडेड अकाउंट मिळालं, आता नियम आणि रिस्क कसं बदलतं?

कुपवाड_सेकंडशिफ्ट (सांगली)

नमस्कार मंडळी. एका प्रॉप फर्मचं, म्हणजे फी घेऊन ट्रेडिंगची परीक्षा घेणाऱ्या आणि पास झाल्यावर खातं देऊन नफ्यातला वाटा देणाऱ्या कंपनीचं, टू-स्टेप चॅलेंज पास झालो. ५० हजार डॉलरचं खातं आहे. केवायसी झाली, करार मेलवर आलाय, फक्त सही राहिलीय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर इथं लगेच रेफरल कोडचा पाऊस पडतो.

चॅलेंज करताना दोनच गोष्टी डोक्यात होत्या, टार्गेट आणि डेली लॉस, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त किती तोटा चालतो ते. आता करार वाचायला घेतला तर त्यात भलतंच काय काय निघतंय. टार्गेट नाही, हे बरं वाटलं. पण लिव्हरेज (ठेवलेल्या पैशाच्या किती पट सौदा करता येतो ते) १:१०० चं १:३० केलंय. मोठ्या न्यूजच्या दोन मिनिटं आधी आणि दोन मिनिटं नंतर ट्रेड चालणार नाही. शुक्रवारी रात्री पोझिशन ठेवायची नाही. आणि एक कन्सिस्टन्सी म्हणून आहे, सगळ्यात चांगल्या दिवसाचा प्रॉफिट एकूण प्रॉफिटच्या ३० टक्क्यांवर गेला तर पेआउट, म्हणजे माझा वाटा, नाही. हे सगळं चॅलेंजला नव्हतं.

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सेकंड शिफ्ट. सोन्यात पेंडिंग ऑर्डर (ठरलेल्या भावाला आपोआप लागणारी) लावून, एसएल-टीपी (ठरलेल्या तोट्याला किंवा फायद्याला ट्रेड आपोआप बंद करणारे भाव) टाकून कामावर जातो, चहाच्या सुट्टीत मोबाइल बघतो. चॅलेंज असाच काढला. एका ट्रेडला १ टक्का रिस्क घेत होतो. तेच चालू ठेवू का?

अजून एक. माझ्या चुलतभावाचं पण त्याच कंपनीत खातं आहे आणि आमचं वाय-फाय एकच आहे. काही अडचण?

घरी वेगळाच घोळ झालाय. वडिलांना वाटतंय ५० हजार डॉलर बँकेत जमा झाले. काल म्हणाले, "चाळीस लाखाच्या वर झाले की रे, गुंठेवारीतला एखादा प्लॉट बघून ठेवूया का?"

भडंग_प्रेमी (मिरज)

अभिनंदन भावा. पहिला पेआउट आला की ग्रुपला भडंग. आणि सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला लावू नको, पाहुणे उसने मागायला येतात. माझ्याकडं आले होते, तेही खातं उडाल्यानंतर.

आयर्विन_४०फूट (सांगली, गावभाग)

अभिनंदन. आता थंड डोक्यानं वाच, लांब लिहितोय.

मी पूर्वी विश्रामबागेत एका ऑफिसात डीलर होतो. तेव्हा सब-ब्रोकर म्हणायचे, आता ऑथराइज्ड पर्सन म्हणतात. क्लायंटच्या ऑर्डरी मारायच्या आणि मुंबईच्या आरएमएसनं (रिस्क सांभाळणाऱ्या डेस्कनं) पोझिशन कापली की शिव्या आपण खायच्या, असं काम. त्यामुळं मला ट्रेडच्या आधी कापणारा दिसतो. ब्रोकरकडं मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) कमी पडलं तर फोन येतो, क्लायंट दुपारपर्यंत पैसे भरतो, पोझिशन वाचते. तुझ्या खात्यात कापणारं सॉफ्टवेअर आहे. फोन येणार नाही, पैसे भरायची सोयही नाही. इक्विटी (बॅलन्स आणि उघड्या ट्रेडचा फायदा-तोटा मिळून) मर्यादेला टेकली की खातं बंद. पाच मिनिटांनी भाव परत आला तरी तुझं कोण ऐकणार नाही. उलट बाजूही सांगतो. ब्रोकरकडं खातं मायनसमध्ये गेलं तर घरातनं पैसे आणून भरावे लागतात, तसल्या क्लायंटना मी समोर बसवून पाणी पाजलेलं आहे. इथं खातं गेलं तर तुझी फी जाते, बाकी कर्ज मागं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या भानगडीत टिकून आहे.

आधी वडिलांना खरं सांग. करारात "सिम्युलेटेड" हा शब्द शोध, पहिल्या पानांतच सापडेल. खातं डेमो सर्व्हरवर चालतं. तुझ्या ट्रेडचा निकाल बघून कंपनी तुला वाटा देते, आणि त्या पैशातला मोठा भाग चॅलेंजमध्ये नापास झालेल्यांच्या फीचा असतो. काही कंपन्या चांगल्या ट्रेडरचे सौदे खऱ्या बाजारात कॉपी करतात. तुझे करतात की नाही हे तुला कळणार नाही. प्लॉट बघायचा असेल तर पगारावर बघा म्हणावं.

आता रिस्क. ५० हजार हा आकडा विसर. तुझा ओव्हरऑल लॉस (एकूण तोट्याची मर्यादा) १० टक्के असेल तर ४५ हजारांवर खातं मरतं, म्हणजे तुझं खरं खातं ५ हजार डॉलरचं. १ टक्का रिस्क म्हणजे ५०० डॉलर, म्हणजे खऱ्या खात्याचा दहावा हिस्सा एका ट्रेडला. स्वतःच्या पैशाच्या खात्यात १० टक्के लावतोस का एका ट्रेडला? कोण लावत नाही. पण आकडा "१ टक्का" असा दिसतो म्हणून शहाणपणाचा वाटतो.

चॅलेंजमध्ये १ टक्का चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तिथं गमावायला फक्त फी होती आणि मिळवायला खातं होतं, त्यामुळं थोडं रेटण्यात हिशोब बसतो. फंडेड झाल्यावर तोच हिशोब उलटा होतो. आता तुझ्याकडं गमावण्यासारखं काहीतरी आहे आणि गाठायला टार्गेट नाही. म्हणून टार्गेट काढलंय ही कंपनीनं दिलेली सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि बहुतेक पोरं तीच वापरत नाहीत. पहिल्याच महिन्यात ८ टक्के काढायला जातात, कारण हाताला सवय तीच लागलेली असते.

माझा नियम असा, एका ट्रेडला मर्यादेपर्यंतच्या अंतराच्या ३ टक्के. तुझ्या बाबतीत ५ हजारांचे १५० डॉलर. सोन्यात १ लॉट म्हणजे १०० औंस, म्हणून ०.१० लॉटला भाव एक डॉलर हलला की १० डॉलर. १५ डॉलरचा एसएल ठेवलास तर बरोबर १५०. लॉट बघून हसू येईल. येऊ दे. अंतर वाढलं की लॉट वाढव, घटलं की घटव, आणि हे रोज सकाळी आकडा मांडून कर, अंदाजानं नको.

डेली लॉसचं बघ. तो ५ टक्के धरला तर २,५०० हे खरं, पण कुठल्या दिवसाचे? कंपनीचा दिवस तिच्या सर्व्हरच्या रात्री बाराला बदलतो. युरोपातल्या कंपन्यांचं घड्याळ धरलं तर उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. तू झोपलेला असतोस. आणि त्या क्षणी पोझिशन उघडी असेल तर काही कंपन्या बॅलन्स आणि इक्विटी यातला जो मोठा तो आकडा धरतात. समज बॅलन्स ५०,००० आहे, उघड्या ट्रेडला १,५०० फायदा दिसतोय, म्हणजे इक्विटी ५१,५००. नव्या दिवसाची मर्यादा ४९,००० झाली. सकाळी भाव परत तुझ्या एंट्रीवर आला. तुझ्या खिशातनं एक रुपया गेला नाही, पण दिवसाच्या २,५०० पैकी १,५०० खर्ची पडले. आता तुझा एसएल त्याच्या खाली आणखी किती आहे ते मोज. चॅलेंजला हा नियम असतो तेव्हा लक्षात येत नाही, कारण तिथं आपण टार्गेट गाठायच्या नादात ट्रेड रात्रभर ठेवत नाही. फंडेडला निवांत झालो की ठेवतो.

न्यूज. अमेरिकेचा सीपीआय (महागाईचा आकडा) आणि जॉब्सचा आकडा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला, हिवाळ्यात सातला येतो. फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला. तुझी पद्धत पेंडिंग ऑर्डर लावून शिफ्टला जायची. तू मशीनखाली असताना सहाला सोनं उडालं आणि तुझी ऑर्डर लागली तर कंपनीच्या लेखी तू न्यूजमध्ये ट्रेड केलास, हात लावला नाहीस तरी. काही ठिकाणी एसएल किंवा टीपी त्या चार मिनिटांत लागला तरी तो ट्रेड धरतात. शिक्षा पण वेगवेगळी, कुठं फक्त तेवढा प्रॉफिट कापतात, कुठं खातंच बंद. हे करारात सापडलं नाही तर मेल करून विचार. चॅटवर नको, चॅटवरचं पोरगं काहीही सांगतं.

कन्सिस्टन्सीचा हिशोब आधीच मांडून ठेव. एका दिवशी १,८०० डॉलर मिळाले आणि एकूण प्रॉफिट २,४०० असेल तर तो दिवस ७५ टक्के झाला. ३० टक्क्यांत बसवायला एकूण ६,००० लागतात. म्हणजे तो चांगला दिवस तुला आणखी ३,६०० कमवायला भाग पाडतो, आणि ते कमवताना माणूस नको तिथं हात घालतो. या नियमानं खातं थेट बंद पडत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण पेआउटच्या आधी खाती उडतात ती याच भरपाईत, मी जवळून बघितलेली बहुतेक तशीच गेली. लहान लॉटचा हा दुसरा फायदा, असला दिवस येतच नाही.

वीकेंड आणि लिव्हरेजचं फार डोकं लावू नको. लॉट लहान ठेवलास तर १:३० ला सुद्धा मार्जिन पुरतं. सोन्याचा भाव ४,००० डॉलर धरला तर ०.१० लॉट म्हणजे ४० हजारांचा सौदा, मार्जिन तेराशे-साडेतेराशे. शुक्रवारी शिफ्टला जायच्या आधी सगळं बंद करायची सवय लाव, पेंडिंग ऑर्डरीसकट. पेंडिंग लोक विसरतात.

वाय-फायची अडचण आहे. खरीखुरी आहे. एका आयपीवरनं (इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरनं) दोन खाती, दोन्ही सोन्यात, दोन्ही एकाच दिशेला, वेळेत पाच-दहा सेकंदांचा फरक, हे दिसलं की कंपनी ग्रुप ट्रेडिंग म्हणते. आणि ते तपासतात पेआउट मागितल्यावर, आधी नाही. तोवर तुम्ही निवांत. भाऊ-भाऊ एकमेकांना विचारून ट्रेड घेत असाल तर तेही थांबवा. व्हीपीएन लावून लपवायला जाऊ नका, तो वेगळा गुन्हा धरतात.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

दादा, लय उपकार झाले. पण घोळ आहे. करार परत वाचला, चॅलेंजला १० टक्के स्टॅटिक (न हलणारा) होता, फंडेडला ओव्हरऑल ६ टक्के आहे आणि तो ट्रेलिंग आहे. खाली लिहिलंय की सुरुवातीच्या बॅलन्सला आला की लॉक होतो. लॉक होतो म्हणजे चांगलंच ना? आणि पहिला पेआउट १४ दिवसांनी मागता येतो. मी ठरवलं होतं की जेवढं होईल तेवढं सगळं काढायचं.

दुसरं, खरं सांगायचं तर नोकरी सोडायचा विचार डोक्यात आहे. सेकंड शिफ्टमध्ये मार्केटचा चांगला वेळच निघून जातो.

आयर्विन_४०फूट

हे आधी सांगायचं ना. मग वरचे ५ हजार विसर. ६ टक्के म्हणजे ३,००० आणि ट्रेडला ९० डॉलर.

ट्रेलिंग म्हणजे तू शिडी चढतोस तसा खालच्या पायऱ्या काढून घेणारा पाहुणा. सुरुवातीला तुझी मर्यादा ४७,०००. बॅलन्स ५१,००० झाला की मर्यादा ४८,०००. अंतर कायम ३,०००. ५३,००० ला मर्यादा ५०,००० ला येऊन थांबते, तेच लॉक. तिथनं पुढं जे कमावशील ते खरं अंतर वाढवतं. इथपर्यंत चांगलं.

आता तुझा बेत बघ. समज ५३,४०० झाले. तू ३,००० काढलेस, ८० टक्के वाट्यानं २,४०० तुला. खात्यात उरले ५०,४००. मर्यादा मात्र ५०,००० लाच आहे, ती पेआउटबरोबर खाली येत नाही. अंतर ४०० डॉलर. सोन्यात ४०० डॉलर म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पैसे काढलेस त्याच दिवशी तू स्वतःच्या हातानं खातं आजारी पाडलंस, आणि पुढच्या आठवड्यात ते गेलं की म्हणशील, पेआउट दिला म्हणून कंपनीनं मुद्दाम उडवलं. मी हे वाक्य इतक्या जणांकडनं ऐकलंय की बास. त्याऐवजी १,२०० काढ, बॅलन्स ५२,२००, अंतर २,२००. हाताला ९६० डॉलर मिळाले आणि खातं चालू राहिलं. काही लोक उलटं करतात, सगळं काढून घेतात आणि खातं मेलं तर मेलं म्हणतात. तोही एक विचार आहे, कंपनीवर भरवसा नसेल तर वाईट नाही. पण मग तसं ठरवून कर. अर्धवट नको.

एक गोष्ट लगेच तपास. ट्रेलिंग दिवसाअखेरच्या बॅलन्सवर आहे की चालू इक्विटीवर? चालू इक्विटीवर असेल तर ट्रेड उघडा असताना १,२०० फायदा दिसला आणि तू २०० वर बंद केलास तरी मर्यादा १,२०० नं वर सरकली. कमावले २०० आणि अंतर हजारानं घटलं. अशा खात्यावर टीपी लांब ठेवून "चालू दे" म्हणायची चैन करता येत नाही.

नोकरीचं. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास आहे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात. तो आपल्या एक्स्चेंजचा आकडा आहे, फॉरेक्सचा नाही, पण माणसं तीच. डीलर म्हणून त्यातली बरीच मी ओळखत होतो. आणि तुझा चॅलेंज पास झालाच आहे शिफ्टमुळं. चार तास स्क्रीनसमोर बसला असतास तर दहा ट्रेड जास्त घेतले असतेस. पगार आहे म्हणून पेआउट अर्धा ठेवता येतो. पगार गेला की महिन्याच्या एक तारखेला किराणा त्या खात्यातनं निघतो, आणि मग वरचा सगळा हिशोब पाण्यात.

यार्ड_काका (सांगली)

मी हळदीतला अडत्या. पोरांचं हे फॉरेक्स मला कळत नाही, करार कळतो. वायदे आम्ही पण केले, एनसीडीईएक्सला, म्हणजे शेतमालाच्या वायदे बाजारात. मार्जिन आपलं, रोजच्या भावानं रोज पैसे कापले जायचे, रात्री झोप नाही. पण समोर एक्स्चेंज आहे, क्लिअरिंग आहे, २०१५ पासून कमोडिटी पण सेबीकडं आली. ब्रोकरनं पैसे अडवले तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाकता येते. गड्या, तुझे पैसे अडवले तर तू कुठं जाणार? करारात शेवटच्या पानावर बघ, भांडण झालं तर कुठल्या देशाचं कोर्ट ते लिहिलेलं असतं. विट्याला तारीख पडली तरी आपल्याला जड जातं.

जुन्या काळी डब्बा चालायचा, सगळ्यांना माहीत आहे. सौदा बाजारात जायचाच नाही, डब्बेवाल्याच्या वहीत राहायचा, तू हरलास की तो जिंकला. १९५६ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तुझी कंपनी डब्बा आहे असं मी म्हणत नाही. पण तुझा सौदा बाजारात जात नसेल तर तू जिंकल्यावर पैसे द्यायला तिच्याकडं कुठनं येतात, एवढं विचारायला काय हरकत आहे?

धाकट्यानं मला एक प्रकरण दाखवलं. माय फॉरेक्स फंड्स म्हणून कंपनी होती. २०२३ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या सीएफटीसीनं (तिथल्या वायदे बाजाराच्या नियामकानं) तिच्यावर केस टाकली, मालमत्ता गोठवल्या, कामकाज ठप्प. त्यांच्या तक्रारीत १,३५,००० च्या वर ग्राहक आणि ३१ कोटी डॉलर फी असे आकडे होते. पुढं गंमत अशी की मे २०२५ ला कोर्टानं केसच फेटाळली, आणि ताशेरे ओढले ते सीएफटीसीवर. म्हणजे आरोप खरे की खोटे हे ठरलंच नाही. पण ज्याचा पेआउट त्या आठवड्यात यायचा होता त्यानं मधली दीड-दोन वर्षं काय करायचं? कंपनी चोर असो की साव, तुझा पैसा अडकायला तेवढं पुरतं.

म्हणून आयर्विनवाल्यांचं अर्धं ठेव हे मला अर्धंच पटतं. मी असतो तर पहिल्या खेपेला फीच्या दुप्पट घरात आणली असती, मग पुढचं.

आयर्विन_४०फूट

काका, रास्त आहे. पहिल्या पेआउटला फी वसूल झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. बऱ्याच कंपन्या पहिल्या पेआउटबरोबर चॅलेंजची फी परत पण देतात, तेही करारात बघ रे. २०२४ च्या सुरुवातीला मेटाक्वोट्सनं (मेटाट्रेडर प्लॅटफॉर्म बनवणाऱ्या कंपनीनं) हात आखडला तेव्हा कित्येक कंपन्यांना रातोरात प्लॅटफॉर्म बदलावा लागला, उघड्या पोझिशनवाल्यांची धांदल उडाली. कंपनीचा धोका हा पण रिस्कच, चार्टवर दिसत नाही एवढंच.

शाहूपुरी_लेजर (सातारा)

मी सीएच्या ऑफिसात काम करते. ट्रेडिंगमधलं बोलणार नाही, कागदांचं बोलते, कारण ही मुलं आमच्याकडे मार्च उलटून गेल्यावर येतात.

आधी नाव. पॅनवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, बँकेत नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे हे सर्रास आहे. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर तिन्ही नावं तीन माणसांची समजतं. करारावर नाव टाकताना ज्या बँक खात्यात पैसे येणार त्याच्याशी जुळवून घे. आणि चॅलेंजची फी मेहुण्याच्या किंवा मित्राच्या कार्डावरून भरली असेल तर ते आत्ताच कंपनीला कळव. पेआउटच्या वेळी निघालं तर फार त्रास देतात.

पेआउट हा कॅपिटल गेन नाही. तुझ्या मालकीचं काही विकलंच गेलेलं नाही. करारात तू स्वतंत्र कंत्राटदार असतोस आणि ती सेवेची फी असते. त्यामुळे तुझ्या पगाराच्या वर मिळकत म्हणून स्लॅबप्रमाणे कर. व्यवसायाचं उत्पन्न दाखवलंस तर चॅलेंजची फी, इंटरनेट असा खर्च वजा मागता येतो, पण मग बिलं लागतात. ती जपून ठेव. पगारावर टीडीएस कापला जातो, पेआउटवर कोणी कापत नाही, म्हणून वर्षाचा उरलेला कर १० हजारांच्या पुढे जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा. तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

बँकेत पैसे आले की बँक पर्पज कोड (पैसे कशाचे त्याचा कोड) विचारते. तेव्हा "ट्रेडिंगचे आहेत" असं तोंडातल्या तोंडात बोलून गोंधळ घालू नकोस, करार आणि इनव्हॉइस दाखव. क्रिप्टोत पेआउट घेतलास तर काम वाढतं. मिळाल्या दिवशीच्या किमतीवर उत्पन्न, आणि नंतर ते विकताना जो फायदा होईल त्यावर सरळ ३० टक्के, शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं यातलं एकही टिपून ठेवत नाहीत.

आता नाजूक गोष्ट. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे सौदे अधिकृत संस्थांमार्फत आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात, ऑनलाइन करायचे तर आरबीआयनं मान्य केलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा एनएसई, बीएसई, एमएसईवर. एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेतून) परदेशी मार्जिन भरता येत नाही. सप्टेंबर २०२२ पासून परवानगी नसलेल्या फॉरेक्स प्लॅटफॉर्मची आरबीआयची अलर्ट लिस्ट आहे, ती वाढत गेली आहे. यादीत नाव नसलं म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, हेही आरबीआयनंच म्हटलंय. कंपन्या म्हणतात आम्ही मार्जिन घेत नाही, सिम्युलेशन आहे, तू फक्त फी भरतोस. ते त्यांचं म्हणणं. त्याला आरबीआयचा शिक्का नाही. सही करण्याआधी हे डोळ्यांसमोर ठेव, आणि स्वतःचे पैसे परदेशी ब्रोकरकडे मार्जिन म्हणून पाठवायची वेळ आली तर थांब. तिथे कसलीही संदिग्धता नाही.

चुलतभावालाही हे वाचायला दे.

भडंग_प्रेमी (मिरज)

ताई, माझे दोन पेआउट क्रिप्टोत आलेत. मेसेज करू का?

शाहूपुरी_लेजर (सातारा)

स्टेटमेंट घेऊन ऑफिसला या. मेसेजवर नाही.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार. वडिलांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग तुला नक्की मिळालं काय?" काकांचाच प्रश्न झाला की हा.

चुलतभावानं मोबाइल डेटावर जायचं ठरवलंय आणि तो सोनं सोडून युरो बघणार आहे. नोकरी सोडत नाही.

कंपनीला मेल टाकला होता, आज उत्तर आलं. ट्रेलिंग दिवसाअखेरच्या बॅलन्सवर आहे, ते बरं झालं. पण न्यूजचं असं लिहिलंय की आधीपासून उघड्या ट्रेडचा एसएल त्या चार मिनिटांत लागला तर तोटा खात्यात धरणार, आणि टीपी लागला तर तो प्रॉफिट कापणार. म्हणजे दादा, तोटा झाला तर माझा आणि फायदा झाला तर कुणाचाच नाही?

आयर्विन_४०फूट

होय, असंच आहे. बऱ्याच ठिकाणी असंच असतं. सीपीआय, जॉब्स आणि फेडच्या दिवशी शिफ्टला जाताना पेंडिंग लावूच नको, आणि उघडा ट्रेड असेल तर घरातनं निघायच्या आधी बंद कर. महिन्यातले दोन-तीन दिवस जातील, जाऊ दे. आर्थिक कॅलेंडरची वेळ भारतीय करून ठेव, नाहीतर नोव्हेंबरात अमेरिकेचं घड्याळ बदललं की सहाचं सात होतं आणि तू सहाला निवांत होतोस.

त्या मेलची पीडीएफ करून ठेव, तारखेसकट. स्क्रीनशॉट मानत नाहीत.